मुकुट कोणीं उतरवावा?

एखादी भूमिका लोकांच्या मनांत कायमची ठसली म्हणजे नटाला आणखी काय हवें, असें रसिक म्हणविणारे लोक मोठ्या समाधानानें विचारतात. शाहू मोडक यांच्याविषयीं लिहितांना तर हें समाधान हटकून आढळतें. असा कृष्ण पुन्हां होणें नाहीं, एवढें लिहिलें कीं त्यांचें चरित्र संपलें! आमचें म्हणणें असें कीं, ही स्तुति दिसली तरी तींत नटावर अन्याय आहे. आणि त्या अन्यायाचें खापर ज्या प्रेक्षकाच्या माथीं फोडण्यांत येतें, तो प्रेक्षक बहुतांशीं निर्दोष आहे.

१९१८ सालीं अहमदनगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा १९३२ मध्यें भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' बोलपटांत कृष्ण झाला. वय अवघें चौदा. पुढें पंचवीसांहून अधिक वेळां त्यांनीं तीच मुरली हातीं धरली. नटाचा धर्म कोणता हें महाराष्ट्रानें विचारलें नाहीं. सोंग कसें वठलें तेवढेंच पाहिलें. ज्या प्रेक्षकापाशीं एवढें औदार्य होतें, त्याला दुसरें कांहीं पचलें नसतें असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

बरें, दुसरें कांहीं त्यांना येत नव्हतें म्हणावें तर १९३९ चा 'माणूस' आडवा येतो. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटांत मोडक गणपत नांवाचे साधे पोलीस शिपाई आहेत. मैना ही बदनाम वस्तींतली स्त्री. तिला वांचवतांना हा शिपाई तिच्यांत गुंततो, तिला आईच्या पायांशीं नेतो आणि अखेर तिला गमावून पुन्हां कर्तव्यावर उभा राहतो. येथें सुदर्शन नाहीं, चमत्कार नाहीं. आहे तो प्रेम आणि लोकलज्जा यांच्यामध्यें चिरडलेला एक भला माणूस. एकवीस वर्षांच्या नटानें हें दाखविलें आणि लोकांनीं तो चित्रपट डोक्यावर घेतला. पुढल्याच वर्षीं 'संत ज्ञानेश्वर' आला, आणि तेथून त्यांच्या कारकीर्दीचा ओघ मुख्यत्वें देव आणि संत यांच्याकडेच वळला.

धंद्यांतली मंडळी म्हणतात, प्रेक्षकांना तेंच हवें असतें. हें उत्तर सोयीचें आहे, खरें नाहीं. खरा प्रेक्षक पाहायचा तर आमच्या बांद्यास यावें. तेरेखोलच्या कांठच्या या गांवीं आणि आसपासच्या देवळांतून जत्रेच्या रात्रीं दशावतार उभा राहतो. प्रथम गणपति येतो, मग वेद चोरणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णु, त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नाहीं. राजा आणि राक्षस आपापलीं भाषणें जागच्या जागीं रचतात. देवाचें सोंग समोर आलें कीं म्हातारीकोतारी हात जोडतात. पहांटे दहीकाला होतो, रंग धुतला जातो, आणि त्याच देवाला ती म्हातारी सकाळीं चहा घेतलास का म्हणून विचारते. मुकुट चढवावा केव्हां आणि उतरवावा केव्हां, हें तिला कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

कोणी म्हणेल, दशावतारांतही राजपार्टी आणि स्त्रीपार्टी ठरलेलीच असते. खरें आहे. पण तेथला राजा आज एका आख्यानाचा, तर उद्यां दुसऱ्याचा. आज जिंकणारा, उद्यां हरणारा. सांचा एक असला तरी माती रोज नवी मळावी लागते. चित्रपटाचा रंग मात्र पहांटे धुतला जात नाहीं. ती फीत वर्षानुवर्षें गांवोगांव फिरते, आणि तिच्यावर पैसा लावणारा मनुष्य नटाकडे न पाहतां मागच्या फितीच्या उत्पन्नाकडे पाहतो.

हा रोग केवळ आमचा नव्हे. अमेरिकेंत जॉर्ज रीव्ह्ज हा नट १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'मध्यें छोट्या भूमिकेंत होता. १९५२ पासून दूरचित्रवाणीवर तो अजिंक्य 'सुपरमॅन' झाला, आणि मग त्याला दुसरें कांहीं होतां येईना. १९५९ मध्यें बंदुकीच्या गोळीनें त्याचा अंत झाला, तेव्हां वृत्तपत्रांनीं मथळ्यांत सुपरमॅनच छापला. ज्याला मरणानेंही सोंगांतून सोडविलें नाहीं, त्याच्या कीर्तीचा हेवा कोणी करावा?

मोडक १९९३ मध्यें निवर्तले. त्यांच्या कृष्णाला आमचाही नमस्कार आहे. तो हिरावून घेण्याचा आमचा हेतु नाहीं. मागणें एवढेंच कीं, त्यांची आठवण काढणाऱ्यांनीं कृष्णाशेजारीं गणपत शिपायालाही उभें करावें, आणि आपल्या मुलाबाळांना 'माणूस' एकदां दाखवावा. देव होणें नटाला दिग्दर्शक, वेषभूषाकार आणि भाविक मिळून साध्य करून देतात. माणूस होणें त्याला एकट्यालाच साधावें लागतें, आणि नटाची परीक्षा तेथें आहे.