कोणता विषय घ्यावा, कोणता मागे ठेवावा

कायद्याच्या अभ्यासक्रमात विषय निवडायला वाव थोडाच असतो. पण जो असतो, तो वापरताना विद्यार्थ्याची खरी ओढाताण होते. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीहून अहिल्यानगरला किंवा पुण्याला एलएलबीसाठी जाणाऱ्या मुलामुलींपुढे तर प्रश्न सरळच उभा राहतो: आपल्या भागाला लागणारा कायदा शिकायचा, की जिथे नोकरी दिसते तो?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांत ऐच्छिक विषयांचे गट आहेत. त्यांत बौद्धिक संपदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार आहे, तसा शेतीविषयक कायद्यांचाही गट आहे. कंपनी कायद्याकडे वळणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. तिथे महिन्याला पगार मिळतो. तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाची पहिली काही वर्षे ओढगस्तीची जातात. शेतकऱ्याच्या मुलीने पुन्हा बांधाच्याच भांडणात अडकावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र श्रीगोंद्याला तहसील कचेरीत येणाऱ्या पक्षकाराची पिशवी उघडून पाहावी. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, घडी घालून फाटत आलेले वाटणीपत्र. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर 1906च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली दाद मागायची. बांधावरून नवा रस्ता हवा, तर जमीन महसूल संहितेचे कलम 143. हा फरक न कळलेला वकील चुकीचा अर्ज करतो आणि पक्षकाराचा हंगाम हातचा जातो. म्हणून जमिनीच्या कायद्याला दुय्यम समजणे मला पटत नाही. अर्थात, शिकवायला अध्यापकच नसेल तर महाविद्यालय एकच ऐच्छिक विषय पुढे ठेवते आणि निवड कागदावरच राहते. त्याचा दोष विद्यार्थ्याला देता येत नाही.

विषय सोडण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्याकडे ‘सोडणे’ म्हणजे बहुधा पेपर मागे ठेवून पुढच्या सत्रात एटीकेटीने देणे. नोकरी किंवा घरची शेती सांभाळणाऱ्याने सगळेच पेपर कसेबसे देण्यापेक्षा तीन नीट द्यावेत, यात तथ्य आहे. शिवाय त्या विषयाला 70 टक्के हजेरी भरली नसेल, तर परीक्षेला बसणेच अवघड होते. दुसरीकडे, मागे ठेवलेला विषय आहे तसाच थांबत नाही. 1 जुलै 2024 रोजी तिन्ही प्रमुख फौजदारी कायदे बदलले, आणि जुनी कलमे पाठ केलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले.

माझा कल असा: ऐच्छिक विषय जमत नसेल तर तो सत्राच्या सुरुवातीलाच, संकोच न करता बदलून घ्यावा. दिवाणी प्रक्रिया आणि पुरावा मात्र मागे ठेवू नयेत. सनदेसाठीच्या अखिल भारतीय परीक्षेत 100 पैकी 10 प्रश्न एकट्या दिवाणी प्रक्रियेवर असतात हे एक कारण. त्याहून मोठे म्हणजे कंपनी असो वा कोर्ट, या दोन विषयांवाचून कुठेच चालत नाही.

ऐच्छिक विषयाबाबत घाई नको. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. तिचे पहिले काही आठवडे श्रीगोंद्याच्या एखाद्या वकिलाकडे आणि पुढचे पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या विधी विभागात काढावेत, आणि पर्यायाचा अर्ज त्यानंतर भरावा.