एस.पी. की मॅथ्स?

अकरावी कॉमर्सच्या प्रवेशासाठी खिडकीशी रांग आहे. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स. आतला कारकून मान वर न करता विचारतो, ‘‘एस.पी. की मॅथ्स?’’ मुलगी आईकडे पाहते, आई सोबत आलेल्या काकांकडे. काका सांगतात, ‘‘एस.पी. लिहा, मार्क पडतात.’’ कारकून खूण करतो. पुढचा! एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हे त्या मुलीला पुस्तक हातात पडल्यावर कळेल. आणि गणित सुटले म्हणून संख्याशास्त्राची पदवी किंवा दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्स या वाटाही त्या खिडकीवरच सुटल्या, हे कळायला आणखी दोन वर्षे जातील.

दहावीच्या निकालानंतर राज्यभर चर्चा रंगते ती कट-ऑफची. २०२५ साली दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि त्याच वर्षीपासून सगळ्या राज्यातील अकरावी प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. दहा पसंतीक्रम भरताना घरोघरी रात्री जागवल्या जातात. कोणते कॉलेज वर, कोणते खाली, गेल्या वर्षी कितीला बंद झाले, यावर वाद झडतात. शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित, सारे त्या चर्चेत येते. विषय मात्र येत नाहीत. ते प्रवेश मिळाल्यावर, खिडकीवर. मुलाचे पुढचे आयुष्य ज्यावर अवलंबून, त्या गोष्टीला या साऱ्या खटाटोपात सर्वात कमी वेळ मिळतो, हे आमच्या मते या प्रक्रियेचे खरे वैगुण्य आहे.

‘सायन्स घे, सगळी दारे उघडी राहतात,’ हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय सल्ला. तो निम्माच खरा. सायन्समधून कॉमर्सला जाता येते, उलटे येता येत नाही, एवढे बरोबर. पण पाच वर्षांची कायद्याची पदवी, एनआयडीची डिझाइनची पदवी किंवा पुढे स्पर्धा परीक्षा, या दारांवर शाखेची पाटीच नाही. एनडीएत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. म्हणजे दार उघडते ते विषयाने, शाखेने नव्हे. सायन्समध्ये जाऊनही दारे बंद होतातच. द्विलक्षी संगणकशास्त्र घेतले की दुसरी भाषा सुटते आणि बहुधा जीवशास्त्रही. मग बारावीत डॉक्टर व्हावेसे वाटले तर? २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यांनाही ‘नीट’साठी पात्र ठरवले, त्यामुळे ती वाट निदान किलकिली झाली. पण त्यासाठी एखादे वर्ष घालवावे लागते. उलट भीतीपोटी पीसीएमबी, म्हणजे गणितही आणि जीवशास्त्रही, असा चौपदरी भार उचलणारी मुले आहेत. ‘दोन्ही हातात असू दे’ म्हणणाऱ्या पालकांना त्या भाराखाली कॉलेजचे प्रॅक्टिकल, क्लासची टेस्ट आणि झोप यांची कशी ओढाताण होते ते दिसत नाही, असे नाही. ते बघत नाहीत.

मार्कांचे गणित तर आणखी विचित्र. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्याच महाराष्ट्रात अकरावीला मराठी सोडून आयटी घ्यायचे, कारण त्यात मार्क पडतात, हा शिरस्ता झाला आहे. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. टक्केवारीवर सारे तोलणाऱ्या व्यवस्थेत ती शहाण्यासारखीच वागतात.

आणि ज्यांना वेगळे काही हवे, त्यांचे काय? अकरावी-बारावीच्या गणिताच्या बालभारतीच्या पुस्तकावर ‘कला आणि विज्ञान शाखा’ असे छापलेले असते. आर्ट्सला जाऊन इतिहास किंवा मानसशास्त्रासोबत गणित घ्यावे असे एखादीला वाटले, तर पुस्तक तयार आहे, मंडळाची परवानगी आहे. शिकवणारे कॉलेज शोधता शोधता मात्र तिच्या नाकी नऊ येतात. शाखांमधल्या भिंती पाडा, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. आपल्या वेळापत्रकांनी त्या भिंतींना नुसता नवा रंग दिला.

मुलांचा कल ओळखायचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली, ती पुढे गुंडाळली गेली. तिच्यात त्रुटी होत्या, पण तिच्या जागी आले काय? क्लासचे समुपदेशक. एप्रिलमध्ये, निकालाच्या आधीच, दोन वर्षांच्या फीचा पहिला हप्ता भरून घरचा निर्णय झालेला असतो. पैसे भरल्यावर ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न विचारायची सोय उरत नाही.

‘मोठेपणी काय होणार?’ या प्रश्नाला पंधराव्या वर्षी प्रामाणिक उत्तर नसते, आणि नसले तरी बिघडत नाही. कोणता अभ्यास न सांगता करतोस, कोणता समोर आला की पाणी प्यायला उठतोस, याचे उत्तर मात्र प्रत्येकाकडे असते. अकरावीची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट आहेत. मे महिन्याच्या एका दुपारी भौतिकशास्त्राचे, पुस्तपालनाचे आणि राज्यशास्त्राचे एकेक प्रकरण मुलाने स्वतः वाचून पाहावे. दहावीच्या गणिताच्या शिक्षकांना गाठावे. काकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असते.

सरकारकडून अपेक्षा फार नाही. ज्या पोर्टलवर कॉलेजचे कोड आणि कट-ऑफ दिसतात, तिथेच प्रत्येक कॉलेज कोणते विषय, कोणत्या जोड्यांत खरोखर शिकवते आणि कोणत्या जोडीने पुढे कोणते प्रवेश अडतात, हे पसंतीक्रम भरण्याआधी दिसावे. आणि वर्ग सुरू झाल्यावर महिनाभर विषय बदलण्याची मुभा मुख्याध्यापकांच्या मर्जीवर न ठेवता नियमात असावी. तोवर त्या मुलीने पुस्तपालनाचे चार तास आणि एस.पी.चे चार तास बसून पाहिलेले असतील.