वसुलीच्या कारकुनाचे श्रेय

१९५३ सालच्या जानेवारीच्या १९ तारखेस अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचा जो भाग प्रक्षेपित झाला, त्यात लूसी बाळंतपणासाठी रुग्णालयात जाते एवढीच काय ती घटना आहे. परंतु तेवढ्या घटनेने त्या रात्री जितकी माणसे दूरचित्रवाणीच्या पेटाऱ्यापुढे बसविली, तितकी दुसऱ्या दिवशी झालेल्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनेही बसविली नाहीत. पावसाळी तापाने चार दिवस अंथरुणास खिळलो असता तो भाग मी परवा पुन्हा पाहिला. वेळ आलीच तर कोणी काय करावयाचे याची नवऱ्याने आणि शेजारच्या जोडप्याने रीतसर तालीम करून ठेवलेली असते, आणि वेळ खरोखर येते तेव्हा तिघेही एकमेकांवर आदळत, सामान सांडीत, धावत बाहेर पडतात, मात्र जिच्यासाठी हा सारा खटाटोप ती लूसी घरातच राहते. हे दृश्य पाहून मी अपेक्षेप्रमाणे हसलोच. पण माझे चित्त जडले ते त्यानंतरच्या रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात.

तेथे लूसीचा नवरा रिकी याच्या सोबतीस दुसरा एक बाप बसलेला आहे. चष्म्यातून जगाकडे पाहताना जगाने आपले काहीतरी देणे थकविले आहे असा ज्याचा कायमचा भाव, असा हा कृश, करड्या मुद्रेचा गृहस्थ सहा मुलींचा बाप आहे, आणि तरीही नव्या बापास धीर देण्याइतका उत्साह त्याच्यापाशी उरलेला नाही. यथावकाश परिचारिका येते व एकदम तीन कन्यारत्ने त्याच्यापुढे धरते. तो मनाशी बेरीज करतो आणि नऊ हा आकडा, एखाद्या सावकाराने बुडीत खात्याची रक्कम वाचावी तसा, उच्चारतो. बस्स, एवढीच त्याची भूमिका.

चित्र थांबवून मी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, कारण हा मनुष्य माझ्या ओळखीचा होता, आणि कोठला ते काही केल्या आठवेना. मग एकेक दप्तर उघडू लागले. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटात त्या कृपण पॉटरपुढे उभे राहून भाडेवसुलीची हकीकत सांगणारा कारकून तो हाच. ‘पेटिकोट जंक्शन’मध्ये हूटरव्हिल नावाच्या आडगावास जाणारी एका इंजिनाची लाडकी आगगाडी बंद पाडण्यासाठी वारंवार तपासणीस येणारा आणि दर वेळी फजीत होऊन परत जाणारा रेल्वेचा अधिकारी होमर बेडलो तोही हाच. आणि नव्वदीच्या दशकात ‘बिविच्ड’ ही मालिका सोनी वाहिनीवर हिंदी आवाजांत दाखविली जात असे, तीत नायिकेचा नवरा डॅरिन याच्या जाहिरात कंपनीत येऊन कपाळास आठ्या घालणाऱ्या गिऱ्हाइकांत, निरनिराळ्या नावांनी, पुन्हा हाच. याचे नाव चार्ल्स लेन. १९०५ साली जन्मलेला हा नट २००७ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारला, आणि मधल्या काळात त्याने इतक्या तलाठ्यांची, तपासनिसांची, पेढीवरच्या मुनिमांची आणि करवसुली अंमलदारांची सोंगे वठविली, की एखाद्या संस्थानचा सारा महसूल विभाग त्याच्या एकट्याच्या बळावर चालविता आला असता.

या ‘बिविच्ड’ मालिकेत एक मौज आहे. १९६९ साली डॅरिनची भूमिका करणारा डिक यॉर्क आजारपणामुळे निघून गेला आणि त्याच्या जागी डिक सार्जंट आला. नाव तेच, घर तेच, बायको तीच, फक्त नवरा वेगळा, आणि याबद्दल एका शब्दाचाही खुलासा कोणी केला नाही. म्हणजे एकीकडे एकाच नावास दोन चेहरे, तर दुसरीकडे लेनच्या एकाच चेहऱ्यास अनेक नावे. प्रेक्षकांनी दोन्ही गोष्टी विनातक्रार मान्य केल्या. परंतु पहिली गोष्ट आपण चालवून घेतो, आणि दुसरीने आपणांस सुख होते, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

त्या सुखाचे कारण त्या मालिकांच्या कार्यपद्धतीत आहे. ‘आय लव्ह लूसी’चे नायक-नायिका देसी आर्नाझ आणि लूसील बॉल यांनी, न्यूयॉर्कला न जाता हॉलिवूडमध्येच राहता यावे म्हणून, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण करण्याची पद्धत अंगीकारली. छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी पूर्वी जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’सारख्या चित्रपटाचे छायालेखन केले होते. दर आठवड्यास नवी कथा, मोजके दिवस तालमी, आणि मग शेकडो माणसांपुढे नाटकासारखा सलग प्रयोग. अशा घाईत, पंचवीस-सव्वीस मिनिटांच्या कथेत, दाराशी आलेला मनुष्य कोण, कसा, कोणत्या स्वभावाचा, हे सांगत बसण्यास लेखकास अवकाश कोठला? लेनचा चेहरा दारात दिसला, की आता घरमालकाची नोटीस येणार अथवा हिशेबात चूक निघणार, हे प्रेक्षक जाणून असे, आणि लेखकाची दोन पाने वाचत. तमाशात मावशी प्रवेश करते तेव्हा तिची ओळख करून द्यावी लागत नाही, तसेच हे. याला साचेबंदपणा म्हणून नाक मुरडणारे टीकाकार पुष्कळ झाले. माझ्या मते तो साचा नव्हे, ती पत आहे, आणि पत मिळविण्यास आयुष्य खर्ची घालावे लागते.

याच्या उलट प्रकार नामांकित पाहुण्यांचा. १९५५ साली लूसीचे बिऱ्हाड हॉलिवूडला गेले, तेव्हा विल्यम होल्डनपासून हार्पो मार्क्सपर्यंत बडी बडी मंडळी कथेत अवतरली. हार्पोचा वेष घेतलेली लूसी आणि खुद्द हार्पो समोरासमोर येऊन एकमेकांचे प्रतिबिंब असल्याची बतावणी करतात तो प्रसंग अवीट आहे, कारण तेथे पाहुणा काम करावयास आला आहे. परंतु पुढील काळात बहुतेक मालिकांत असा पाहुणा केवळ दर्शन देण्यास येऊ लागला. तो दारात उभा राहतो, प्रेक्षागारातून टाळ्या पडतात, कथा अदबीने बाजूस उभी राहते, आणि टाळ्या ओसरल्यावर तिला पुन्हा हाताला धरून आणावे लागते. साठ वर्षांनी पाहणाऱ्या माणसास तो पाहुणा कोण हे बहुधा ठाऊक नसते. उरते ती फक्त टाळी. लेनसाठी कोणी टाळी वाजविली नाही, म्हणून त्याचे दृश्य अद्याप ताजे आहे.

लेनसारखेच दुसरे एक नट बर्ट मस्टिन यांची कथा तर याहून विलक्षण. १८८४ साली पिट्सबर्ग येथे जन्मलेल्या या गृहस्थाने उभे आयुष्य मोटारींच्या विक्रीत घालविले आणि सदुसष्टाव्या वर्षी, म्हणजे इतर लोक निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत गढलेले असतात त्या वयात, पडद्यावर पाऊल ठेवले. पुढे सव्वीस वर्षे अमेरिकेतील कोणत्याही मालिकेस खोडकर म्हातारा हवा असला की बोलावणे त्यांना जाई: ‘लीव्ह इट टु बीव्हर’मधील अग्निशमन दलाचे गस आजोबा तेच, अँडी ग्रिफिथच्या मालिकेतील मेबेरी गावात बाकावर बसणारे जड फ्लेचर तेच. १९७६ च्या डिसेंबरात ‘फिलिस’ या मालिकेत त्यांचे मदर डेक्स्टर या वृद्धेशी थाटाने लग्न लागले. ते प्रक्षेपित होण्यापूर्वीच मदर डेक्स्टरची भूमिका करणाऱ्या ज्यूडिथ लोरी निवर्तल्या होत्या, आणि जानेवारी संपण्याच्या आत नवरदेवही गेला. तो भाग मी पाहिला तेव्हा हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे मी पोटभर हसलो. आता पुन्हा पाहण्याचे धाडस होत नाही.

या मंडळींचा मेहनताना हा निराळाच अध्याय आहे. पुनःप्रसारणाचा मोबदला मिळावा म्हणून नटसंघाने दीर्घकाळ झगडा केला, आणि या संघाच्या आरंभीच्या सभासदांत लेनही होता. तरी १९७४ च्या करारापूर्वीच्या भागांसाठी ठरावीक प्रक्षेपणांची मुदत भरली की हप्ता बंद, असाच सामान्यतः कायदा होता. नऊ मुलींचा तो बाप त्यानंतरही किती मुलखांत किती वेळा बेरीज करीत बसला असेल, त्याची गणती नाही.

पैशाचा हिशेब मिटला, तो मिटला. नावाचा हिशेब मात्र आज, आपल्या डोळ्यांदेखत, रोज बुडविला जात आहे, आणि माझी तक्रार आहे ती याविषयी. पूर्वी भाग संपला की श्रेयनामावली सावकाश वर सरकत असे व पाहुण्या नटाचे नाव निदान वाचता येई. हल्ली ज्या इंटरनेट-मंचांवर या मालिका सापडतात, त्यांपैकी अनेकांवर शेवटचे वाक्य उच्चारले जाते न जाते तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पाच सेकंदांत पुढील भाग सुरू होण्याचा हुकूम सुटतो. नावे वाचावयाची तर दूरनियंत्रक हाती घेऊन बटणाशी झटापट करावी लागते. प्रेक्षकास थांबवून ठेवणे हा ज्यांचा धंदा, त्यांनी दीड मिनिट थांबण्यास काय हरकत आहे? निदान जुन्या मालिकांपुरती तरी नामावली आपोआप न तोडण्याची व्यवस्था करावी, आणि ज्यांची नावे मूळ नामावलीतही आली नाहीत त्यांची भागाच्या माहितीत नोंद करावी. याला खर्च असा काहीच नाही, एक कारकून पुरे.

२००५ साली लेनच्या शंभरीनिमित्त दूरचित्रवाणीच्या एका पुरस्कार समारंभात त्याचा सत्कार झाला. चाकांच्या खुर्चीतून आलेल्या त्या वृद्धाने सभागृहास कळविले, की कोणास रस असल्यास आपण अद्याप कामासाठी मोकळे आहोत.