वाहनाची पिढी, समाजाची पिढी

नांदेड जिल्ह्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट आणि बैल यांच्या बाजारासाठी ती सर्वदूर ख्यात आहे. कंधार परिसराने देशाला लाल कंधारी गोवंश दिला, तर शेजारच्या लातूर जिल्ह्याने देवणी. हे वंश कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. या मातीला, या उन्हाला आणि या कामाला कोणते जनावर टिकते, हे पाहत शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीचे ते फळ आहे. आज बैलजोडी पारखणाऱ्या आजोबांचा नातू त्याच यात्रेत स्कॉर्पिओतून उतरतो. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटाशेजारी झेंडूच्या माळा ल्यालेली हीच गाडी उभी असते. म्हणूनच या गाडीच्या वाटचालीकडे केवळ मोटारींच्या बाजारातील एक घडामोड म्हणून पाहणे पुरेसे नाही.

महिंद्र आणि मोहम्मद या नावाने १९४५ मध्ये एक कंपनी स्थापन झाली. फाळणी झाली आणि त्यातील भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे बदलले. त्यानंतर कितीतरी वर्षे तिची ओळख होती ती अमेरिकी विलीज जीपची. सुटे भाग जोडण्यापासून सुरुवात झाली, हळूहळू भाग येथेच घडू लागले. पण मूळ आराखडा परक्याचाच होता. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत काळीपिवळी म्हणून धावणाऱ्या जीपगाड्या याच कुळातल्या.

१९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली, तेव्हा परकीय कंपन्यांपुढे भारतीय उद्योग टिकणार नाहीत, असे बजावणारे थोडे नव्हते. त्याच वर्षी नागपुरात दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, ती याच चिंतेतून. या आव्हानाला सभांतून उत्तर दिले जात होते, तसेच एक उत्तर कारखान्यातूनही मिळाले. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये चौदा वर्षे काम केलेले डॉ. पवन गोएंका १९९३ मध्ये मायदेशी परतले आणि नाशिकच्या संशोधन विभागात रुजू झाले. फोर्डबरोबरच्या भागीदारीतून नाशिकला एस्कॉर्ट मोटार तयार होऊ लागली होती. त्या भागीदारीत समाधान मानून थांबणे सोपे होते. परंतु कंपनीने स्वतःची गाडी स्वतः घडवण्याचे ठरवले आणि जून २००२ मध्ये स्कॉर्पिओ रस्त्यावर आली. इंजिनापासून काही अंगांसाठी परदेशी तज्ज्ञांचे साहाय्य घेतले गेले, हे खरे. पण निर्णय आणि जोखीम आपली होती. पुढे २०२१ मध्ये फोर्डनेच भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. स्कॉर्पिओ मात्र धावत राहिली.

तिचा प्रवास निर्दोष होता असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. २००८ च्या सुमारास नवे एमहॉक इंजिन आले, २०१४ मध्ये सांगाडा बदलला. तरीही मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. परकीयांचे कारस्थान म्हणून तो निकाल झटकून टाकता आला असता. पण २०२२ मध्ये चाकणला तयार झालेली स्कॉर्पिओ-एन आली आणि त्याच संस्थेच्या अधिक कठोर चाचणीत तिने प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळवले. बालकांच्या सुरक्षिततेत मात्र तिला तीनच मिळाले, म्हणजे काम अजून शिल्लक आहे. स्वदेशीचा खरा अर्थ इथे दिसतो. आपले आहे म्हणून दोष झाकायचे नाहीत. आपले आहे म्हणूनच ते दूर करायचे.

आता प्रश्न आपला आहे. गाडीने आपल्या उणिवा मोजून घेतल्या. तिच्यात बसणाऱ्याने मोजल्या काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दारात वाहन आणि हंड्यात खडखडाट, हे चित्र त्या उन्हाळ्यात अनेक घरांनी पाहिले. शेत विकून किंवा महामार्गाच्या मोबदल्यातून गाडी घ्यायची, निवडणुकीत पुढाऱ्याच्या ताफ्यात ती पळवायची, काळ्या काचा आणि कर्कश भोंगे मिरवायचे, टपावर बसून झेंडे फडकवायचे, हे पुरुषार्थाचे लक्षण नव्हे. पाच ताऱ्यांची गाडीही सीटबेल्ट न लावणाऱ्याचे रक्षण करू शकत नाही. हप्ते फेडता फेडता मोडलेल्या संसाराची चाचणी कोणतीही संस्था घेत नाही.

नांदेड-लातूरची अनेक तरुण मुले पुणे-चाकणच्या कारखान्यांत घाम गाळतात. वाहन विकत घेणारा प्रदेश ते घडवणारा कधी होणार? नांदेडमध्ये १९८१ पासून श्री गुरुगोविंदसिंहजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लातुरात २०१८ मध्ये रेल्वेडब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. या दोन वास्तूंमध्ये पूल बांधण्याचे काम शासनाचे आहे, तसेच येथील उद्योजकांचे आणि पालकांचेही. आपल्या बुद्धिमान मुलाने केवळ डॉक्टर न होता यंत्र घडवणारा व्हावे, असे किती घरांत म्हटले जाते?

लाल कंधारी आणि देवणी सिद्ध करणाऱ्या पूर्वजांनी दोष पारखले, गुण जोपासले आणि वाट पाहिली. ती पारख आणि तो धीर या भूमीच्या रक्तात आहे. येत्या दसऱ्याला गाडीला हार घालताना घरातील तरुणाच्या हाती तिची किल्ली द्यावीच. पण पान्याचीही पूजा करून तोही त्याच्या हाती द्यावा.