उरुसातली बासरी

धाराशिवला हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी (रह.) यांच्या उरुसातून परतताना मुलांनी हट्टाने बासरी घ्यायला लावली. विक्रेता वाजवत होता तेव्हा काय गोड सूर! घरी आल्यावर मात्र नुसता वारा. पोरे रडकुंडीला आली, पैसे वाया गेले म्हणून बोलणी झाली आणि आम्ही ती बासरी खराब ठरवून माळ्यावर टाकली. पुढे कळले की चूक बासरीची नव्हती, आमची होती.

बाजारात दोन प्रकारच्या बासऱ्या मिळतात. एक उभी, शिट्टीसारखी. तिच्या तोंडात लाकडी डाट असते, डाटेशेजारच्या फटीतून हवा आपोआप पुढच्या धारेवर जाते. ती लहान मूलही वाजवते. दुसरी आडवी. तिच्यात फुंकण्याचे भोक बाजूला असते आणि हवा नेमकी धारेवर नेण्याचे काम ओठांना करावे लागते. आमची आडवी होती आणि आम्ही थेट भोकात फुंकत होतो! खालचा ओठ भोकाच्या कडेला टेकवायचा, ओठ किंचित हसल्यासारखे ताणायचे आणि बारीक फुंकर समोरच्या कडेवर मारायची. फुंकर धारेवर आदळली की नळीतली हवा थरथरते, तोच सूर. बोटांची सहा भोके बंद असली की सूर सर्वांत खालचा. खालून एकेक उघडत गेले की थरथरणारी हवा आखूड होते आणि सूर चढतो. वरची तीन भोके बंद ठेवली की 'सा'.

आता ही बासरी येते कुठून? देशातल्या बासऱ्यांचे मोठे केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातले पिलीभीत. तिथे पिढ्यानपिढ्या हे काम करणारे कारागीर बहुतांशी मुसलमान आहेत. पातळ सालीचा, लांब पेरांचा बांबू आसामातून येतो. तो वाळवायचा, कापायचा आणि तापवलेल्या सळईने भोके पाडायची. भोक जरा इकडेतिकडे झाले की सूर बिघडला. उरुसात घासाघीस करताना हे कुणाच्या ध्यानात येते?

बासरीला मैफलीत मानाने बसवले पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. त्यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी घडवली, त्यामुळे खर्जातले सूरही निघू लागले. त्यांच्या गुरूंमध्ये खुशी मोहम्मद खाँ आणि १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँ हे उस्ताद होते. हरिप्रसाद चौरसियांना शिकवणाऱ्या अन्नपूर्णादेवी याच अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या.

घरात बासरी असावी का, हा प्रश्न काही भगिनी नक्की विचारतील. वाद्यांबाबत उलेमांत मतभेद आहेत. गुराख्याचा पावा ऐकून हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी कानात बोटे घातली, अशी रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे, पण खुद्द इमाम अबू दाऊद यांनीच तिला मुनकर म्हटले आहे. पाव्याबाबत शाफई मसलकातल्या इमाम राफई यांनी मुभा दिली, तर इमाम नववी यांनी मनाई केली. आपल्याकडची बहुतेक घरे हनफी, आणि हनफी उलेमांचा कल बराचसा मनाईकडे आहे. आम्ही फतवा देणारे नव्हे. आपल्या आलिमांना विचारावे. मात्र घरात एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हणत मुलाला मध्ये ओढू नये. नमाजच्या आणि अभ्यासाच्या वेळी ती बाजूला राहावी, याबद्दल तर कुणाचे दुमत नसावे.

बासरी ठेवायची असेल तर उन्हापासून जपा. वाजवून झाल्यावर आतला ओलावा कापडाने टिपा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा आणि भोकांच्या मधल्या जागी दोरा घट्ट गुंडाळा. आमच्या माळ्यावर पत्र्याखाली तापलेली ती बासरी खाली काढली तेव्हा उभी चिरलेली होती.