पाण्यानं आखलेली वाट

गेल्या रविवारी एका स्नेह्यांचा फोन आला. मुलाकडे मेलबर्नला जायचं चाललंय, उलुरूचा खडक बघायचाच आहे. "तुम्ही लेकीच्या कुटुंबाबरोबर कॅराव्हॅननं हिंडलात ना वाळवंटातून? खरं सांगा, मधे बघण्यासारखं काही आहे का? नुसतं ओसाडच असेल तर आम्ही आपले विमानानं जातो." मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. मग आठवडाभर तो 'ओसाड' शब्द डोक्यात ठणकत राहिला. विमानानं जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. वय असतं, रजा मोजक्या असतात. पण मधलं सगळं ओसाड आहे हे न बघताच ठरवून टाकायचं, याचा मला राग येतो. या सदराच्या जुन्या वाचकांना ते नवं नाही. सासवडपलीकडच्या माळांना कोणी पडीक म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून भांडायला बसते. सरकारी नोंदीत गवताळ माळ पडीक जमिनीत धरला जातो आणि त्या एका नोंदीपायी लांडग्याची, माळढोकाची जागा जाते, हे मी इथे अनेकदा लिहिलंय. तर आज भांडण जरा लांबच्या माळावरचं.

वाट कुठली ते आधी सांगून टाकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी नावाचं लहानसं गाव आहे. तिथून विल्यम क्रीक, ऊडनाडाटा करत मार्लापर्यंत साधारण 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. तोच ऊडनाडाटा ट्रॅक. विल्यम क्रीकची वस्ती जेमतेम डझनभर माणसांची. ऊडनाडाटाला 2 जानेवारी 1960 रोजी पारा 50.7 अंशांवर गेला होता. म्हणून शहाणी माणसं या वाटेला लागतात ती मे ते ऑगस्टमध्ये, तिथल्या थंडीत. आम्हीही तेव्हाच गेलो. लेक, जावई, दोन नाती आणि मी, आणि गाडीमागे कच्च्या रस्त्याला टिकेल अशी कॅराव्हॅन.

आता संसार. मेलबर्नहून निघताना लेकीनं सगळं व्यवस्थित भरलं होतं. पण दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर, रेन्मार्कच्या अलीकडे, फळमाशीची चौकी आहे. ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या पुढे नेता येत नाहीत. लिंबंही नाहीत. सगळी पिशवी तिथल्या पेटीत रिकामी केली. धाकट्या नातीला वाईट वाटलं. तिला मी सांगितलं की पुढे मरे नदीकाठी संत्र्या-द्राक्षांचे मळे आहेत, त्यांत ती माशी शिरली तर शेतकऱ्याचं वर्ष जातं. ते तिला पटलं. चौकीवरच्या बाईंना तिनं मग हात हलवून अच्छासुद्धा केलं. पुढचे सगळे पोहे लिंबाशिवाय झाले आणि आमटी आमसुलावर. मला तरी काही कमी वाटलं नाही.

डांबरी रस्ता संपला की टायरमधली हवा कमी करायची. या कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीनं आडव्या लाटा उठलेल्या असतात. टणक टायरनं त्यांवरून गेलं तर कॅराव्हॅनमधले खिळे सुटतात, मग माणसांची काय कथा. लाल धूळ इतकी बारीक की झाकण घट्ट असलेल्या डब्यातही तिचा थर सापडायचा. पाण्याचा हिशेब लेकीनं स्वतःकडे ठेवला होता. ताटं आधी कागदानं पुसायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. तांदूळ धुतलेलं पाणी कुकरखाली. मुली दोन दिवस कुरकुरल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच आजीला टोकलं की नळ जास्त सोडलास. मला हे आवडलं. शहरात पाणी कुठून येतं हे मुलांना सांगावं लागतं. तिथे टाकीचा काटा दिसत असतो.

आणि पाण्याचीच गोष्ट त्या स्नेह्यांना सांगायची राहिली. ती वाट जिथे आहे तिथेच का आहे, याचं उत्तर पाणी.

या सगळ्या मुलखाखाली ग्रेट आर्टिजन बेसिन आहे. सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर पसरलेला भूजलाचा साठा, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. बरंचसं पाणी पूर्वेकडे, क्वीन्सलँडच्या डोंगरकडेला पावसानं मुरलेलं. ते खडकांतून वर्षाला काही मीटर एवढ्याच गतीनं सरकतं. पश्चिम कडेला पोचेपर्यंत काही पाणी लाखो वर्षांचं होतं आणि तिथे दाबानं आपोआप वर येतं. मरीच्या पुढे वाबमा काडारबू नावाच्या राखीव भागात असे दोन झरे अगदी शेजारी आहेत. एकाचं नाव ब्लांश कप. मातीच्या छोट्या टेकाडाच्या माथ्यावर गोल, काठोकाठ भरलेलं तळं, भोवती लव्हाळं. दुसऱ्यात तळाची वाळू सारखी उकळल्यासारखी फिरत असते, पाणी मात्र उकळत नाही. टेकाडसुद्धा पाण्यानंच रचलेलं आहे. आतून आलेले क्षार आणि वाळू हजारो वर्षं साचत गेली. अशा झऱ्यांत असे मासे आणि गोगलगाई आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कारण उघड आहे. एका झऱ्यातून दुसऱ्यात जायला त्यांना वाळवंट ओलांडावं लागलं असतं.

हे झरे एका ओळीत आहेत. त्या ओळीनं अराबाना आणि त्यांच्या शेजारचे मूळ रहिवासी किती काळ चालत आले याची मोजदाद करणं अवघड. फ्लिंडर्स डोंगरातली लाल गेरू न्यायला उत्तरेकडून माणसं शेकडो किलोमीटर पायी येत, झऱ्यावरून झऱ्यावर मुक्काम करत. पुढे जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी याच झऱ्यांच्या आधारानं उत्तरेला गेला आणि 1862 मध्ये खंड ओलांडून पलीकडच्या समुद्राला पोचला. त्याच्या मागावरून 1872 मध्ये तारायंत्राची तार गेली. तारेमागून रेल्वे आली, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी हवं. 1884 मध्ये मरी, 1891 मध्ये ऊडनाडाटा, 1929 मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज. ती रेल्वे 1980 मध्ये बंद झाली. रुळाच्या कडेची वाट राहिली, आणि तीवरून आमची कॅराव्हॅन धडधडत चालली होती. पहिल्यांदा ज्यांनी ती वाट पायांनी मळवली त्यांचा या मुलखावरचा हक्क 2012 मध्ये न्यायालयानं मान्य केला. काटी थांडा, म्हणजे नकाशावरचं लेक एअर, त्यांचं. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 मीटर खोल असलेलं, बहुतेक वर्षं मिठाचं पांढरं पात्र. क्वीन्सलँडमध्ये मोठा पूर आला की महिन्यांनी पाणी तिथे पोचतं आणि मग हजारो झोळीवाले पेलिकन येतात. 2025 मध्ये तसंच झालं. अराबानांची विनंती आहे की पात्रात उतरू नका. काठावरून बघितलं तरी ते सरोवर डोळ्यांत मावत नाही, मग पाय ठेवायचा हट्ट कशाला?

झऱ्यांचा दाब गेल्या शतकात बराच कमी झाला आहे. गुरांसाठी हजारो विंधणविहिरी खोदल्या आणि कित्येक तशाच वाहत्या सोडल्या. ऑलिंपिक डॅमच्या खाणीलाही याच साठ्यातलं पाणी जातं. अलीकडच्या काही दशकांत उघड्या विहिरींना झाकणं बसवण्याचं काम सरकार आणि पशुपालक मिळून करताहेत आणि काही ठिकाणी दाब परत वाढलाय. आपल्याकडे मराठवाड्यात बोअर किती खोल गेलं याचे आकडे सांगण्याची चढाओढ असते. बोअर बंद करण्याची हिंमत कुठे दिसली, तर ती मला तिथे दिसली.

स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला तारघराचे दगडी अवशेष आहेत. तिथे मी बराच वेळ थांबले. तारेतला संदेश लांब जाताना क्षीण होई, म्हणून दर दोनशे-तीनशे किलोमीटरवर माणूस बसवलेला. येणारा संदेश ऐकायचा आणि पुढे पाठवायचा. ॲडिलेडहून निघालेली लंडनची तार या माणसाच्या बोटांतून डार्विनला, तिथून समुद्राखालून जावाला, सिंगापूर, मद्रास, आणि तिथून जमिनीवरून मुंबईला. मुंबईहून पुन्हा समुद्राखालून एडन. बोटीनं पत्र जायला महिने लागत, ते आता काही तासांवर आलं. म्हणजे आपल्या मुंबईतल्या तारबाबूनं या वाळवंटातल्या माणसाचा शब्द उचलून पुढे दिलेला आहे. हे माझ्या थोरल्या नातीला एवढं आवडलं की तिनं तिथल्या भिंतीपाशी उभं राहून मुंबईच्या मामाला फोन करायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती.

आणि ते खांब, ते सामान, ती धान्याची पोती कुणी वाहिली? उंटांनी. आणि उंट कुणी आणले? इथे मला थांबवत नाही. 1860 मध्ये खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट जहाजानं मेलबर्नला आले ते कराचीहून. 1866 मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्यानं शंभराहून जास्त उंट आणि 31 उंटवाले मागवले. पुढे हजारोंनी आले. त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांत बलुच होते, पठाण होते, पंजाबी होते, सिंधी होते. मरी हे त्यांचं मोठं ठाणं. गावाच्या मधून रेल्वे. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळ रहिवासी. ऑस्ट्रेलियातल्या सुरुवातीच्या मशिदींपैकी एक त्यांनी इथे उभारली. तिची गवती छपराची प्रतिकृती आज गावात आहे. ज्यांच्या पाठबळावर तार आणि रूळ पोचले, त्यांना 1903 च्या कायद्यानं नागरिकत्वाचा अर्ज करण्याचाही हक्क ठेवला नाही. मग मोटारी आल्या आणि उंट नको झाले. अनेकांनी आपले उंट मारण्याऐवजी रानात सोडून दिले. त्यांची पिल्लावळ आज तिथल्या झऱ्यांवर तुटून पडते आणि त्याचाही त्रास मूळ रहिवाशांनाच आहे.

मार्लाला वाट संपते तिथे मला आणखी एका माणसाची आठवण सांगितली पाहिजे. यामी लेस्टर हे यांकुनिचाचारा समाजाचे. मार्लाजवळच्या वॉलटिना इथे ते लहानपणी राहत. 1953 च्या ऑक्टोबरात ब्रिटननं ईमू फील्डवर अणुबॉम्ब फोडला आणि काळं धुकं त्यांच्या वस्तीवरून गेलं. माणसं आजारी पडली. पुढे यामींची दृष्टी गेली. तो मुलूख निवडला तो रिकामा समजून. एवढ्या पसाऱ्यात विखुरलेल्या माणसांना सावध करायला तेव्हा वॉल्टर मॅकडूगल नावाचा एकच अधिकारी होता. लेस्टर आणि इतरांनी आवाज उठवला तेव्हा 1984 मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला. 2017 मध्ये लेस्टर गेले. एखाद्या जागेला ओसाड म्हणणं हे नुसतं मत नसतं. त्यावरून निर्णय होतात. म्हणून मी चिडते, आणि चिडत राहीन.

पण आज लिहिताना माझं मन उंटवाल्यांपाशी अडकलंय. बर्क-विल्सच्या मोहिमेत समला नावाचा एक हिंदू उंटवाला होता. खाण्यापिण्याचे नियम तिथल्या शिध्यात बसेनात म्हणून तो सुरुवातीलाच मोहीम सोडून गेला. त्याच्याबद्दल एवढंच वाचायला मिळतं. दोस्त महंमद नावाच्या दुसऱ्याचा हात उंटानं चावून कायमचा निकामी केला. त्याची कबर न्यू साउथ वेल्समध्ये मेनिंडीजवळ आहे. त्यांना नावं तरी आहेत. बाकीच्या शेकडो माणसांची नावं कारकुनानं ऐकली तशी लिहिली.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, 1936 पर्यंत. इलाख्याचे जुने दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात आहे. त्या बस्त्यांत कराची बंदरातून 1860 ते 1900 च्या दरम्यान निघालेल्या उंटांचे आणि माणसांचे कागद आहेत का, हे कुणी तरुण अभ्यासकानं बसून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोडी वाचता येत असेल तर उत्तमच, फारसी-सिंधी जाणणारं कुणी जोडीला मिळालं तर त्याहून चांगलं. वाचकांत अशी कुणी मंडळी असतील तर त्यांनी मला वर्तमानपत्राच्या पत्त्यावर लिहावं. मरीच्या कबरस्तानातले दगड मी पाहिलेत. त्यांतल्या काहींवर नाव नाही. प्रवासखर्चाची जुळवाजुळव करायला मी मदत करीन आणि कागदांची पहिली वाचनं इथे छापायला संपादकांनी होकार दिला आहे.