तेरीज जुळत नाही तेव्हा

पांढुर्णा म्हटले की लोकांना गोटमारच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून धोंडे सुटतात; त्यापलीकडे आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे कुणी पाहत नाही. (२०२३ साली या दोन्ही तालुक्यांचा मिळून वेगळा जिल्हा झाला, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.) पण धोंड्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो : पायावर बसून धोंडा थांबला, त्याचा संवेग गेला कुठे?

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, एवढे मराठी शाळेत शिकलो. पुढे कॉमर्स घेतले आणि तो विषय विज्ञानवाल्यांचा झाला. ही वाटणी मला मान्य नाही. धोंड्याचा संवेग पायात आणि पायातून जमिनीत जातो. एकाकडे नावे, दुसऱ्याकडे जमा; एकूण बेरीज कायम. मात्र येथे दिशाही मोजायची. उजवीकडचा अधिक, तर डावीकडचा उणे.

१९८३ साली जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळवले जात होते. टकरीपूर्वी आडव्या दिशेचा संवेग शून्य, म्हणून नंतरही बेरीज शून्यच हवी. काही टकरींत एका बाजूला वेगवान इलेक्ट्रॉन दिसला आणि विरुद्ध बाजूला काहीच नाही! तेरीज जुळेना. तो फरक न दिसणाऱ्या न्यूट्रिनोच्या नावे टाकला, तेव्हा डब्ल्यू हा कण सापडला. (न्यूट्रिनो कन्नड विभागाच्या मित्रांनाही परका नाही, १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत त्याची चाहूल लागली होती.)

फरक किरकोळ खर्चात ढकलून मोकळे होणारे मुनीम आपल्याकडे कमी नाहीत. या मंडळींनी फरकालाच पुरावा मानले. पण तसा हक्क बाकीच्या नोंदी चोख असणाऱ्यालाच. साधा कण मोजणीतून निसटला तरी हिशेब असाच तुटतो आणि नसलेला कण सापडल्याचा भास होतो. म्हणून सर्नच्याच सीएमएस या प्रचंड यंत्रात, चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर, निसटती ऊर्जा टिपणारा आणखी एक थर बसवला आहे. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. त्याचे मुख्य काम गळती पकडणे. आमच्या भाषेत, ऑडिट!

तेव्हा विज्ञान विभागाच्या प्राध्यापकांना विनंती, की वर्षातून एक तास आम्हा कॉमर्सवाल्यांना द्यावा. बदल्यात त्यांच्या विद्यार्थ्यांना तेरीज शिकवायला आम्ही तयार आहोत.